एचआयएसमधले बदल आणि त्यांच्यावरची नजर: मॉनिटरिंग टूल घेण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ट्रस्टचं १८० खाटांचं हॉस्पिटल, पाच वर्षांपासून एकच एचआयएस (रजिस्ट्रेशनपासून बिलिंगपर्यंत हॉस्पिटलचं काम सांभाळणारं सॉफ्टवेअर), आयटीत तीन माणसं. प्रत्येक विभागाला फॉर्म आपल्या पद्धतीचा हवा असतो आणि व्हेंडर प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे लावतो. सकाळी दहा ते बारा सिस्टीम इतकी स्लो होते की केसपेपरची रांग दाराबाहेर जाते. संचालकांनी सांगितलंय, एखादं चांगलं मॉनिटरिंग टूल घ्या. तेव्हा टूल कोणतं घ्यावं, आणि कस्टमायझेशन व्हेंडरकडून करावं की स्वतः, असं तुम्ही विचारलंय.

मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. पाच वर्षांत तुमच्या सिस्टीममध्ये बरेच बदल झाले असणार. त्यातला कोणता बदल आज नीट चालतोय, कोणता अर्धवट चालतोय आणि कोणाची आता गरजच उरलेली नाही, हे सांगू शकेल असं तुमच्याकडे बहुधा कोणी नाही. खरी अडचण तिथे आहे. मी ज्या हॉस्पिटलांमध्ये हे काम केलं तिथे एक नियम कटाक्षाने पाळला: बदल लाइव्हवर (रोजच्या वापरातल्या सिस्टीमवर) जाण्याआधी, तो बिघडला तर आपल्याला कसं कळेल, हे लिहून ठेवायचं. ते सुचत नसेल तर बदल थांबवायचा. बाकीचं सगळं याच्यावरच उभं आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. सर्व्हर तुमच्या इमारतीत आहे की व्हेंडरच्या क्लाउडवर, डेटाबेस वाचायची परवानगी करारात आहे का, आणि लॅबची मशीन थेट एचआयएसला जोडली आहेत की मध्ये वेगळं लॅब सॉफ्टवेअर आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सर्व्हर तुमच्याकडे आहे आणि डेटाबेस निदान वाचता येतो, असं धरून लिहितोय. क्लाउडवर असाल तर खालच्यापैकी निम्म्या गोष्टी तुम्हाला व्हेंडरकडून लेखी मागून घ्याव्या लागतील.

आधी सकाळचा स्लोपणा, कारण लोकांचा जीव त्यात अडकलाय. रॅम वाढवा, नवा सर्व्हर घ्या, असे सल्ले तुम्हाला मिळतील. त्याआधी सलग काही दिवस, त्या दोन तासांत डेटाबेसवर कोणत्या क्वेरी (डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या आज्ञा) सगळ्यात जास्त वेळ खातात हे बघा. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर त्यासाठी पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्वेरी स्टोअर आहे, ओरॅकलचा परवाना परवानगी देत असेल तर एडब्ल्यूआर रिपोर्ट निघतो. माझा अनुभव असा की अशा यादीत सगळ्यात वर ओपीडीची क्वेरी क्वचितच असते. वर असतो कुणासाठी तरी खास बनवलेला रिपोर्ट.

एका ठिकाणी असंच सापडलं. अकाउंट्स विभागासाठी 'कालचं कलेक्शन' नावाचा रिपोर्ट करून दिलेला होता. हिशेबनीस सकाळी आले की स्थिरस्थावर होऊन साडेदहाच्या सुमारास तो काढत. क्वेरीत बिलाच्या तारखेचं आधी मजकुरात रूपांतर केलं होतं आणि मग तो मजकूर कालच्या तारखेशी जुळवला होता. तारखेच्या रकान्यावर इंडेक्स (नोंदी पटकन शोधून देणारी सूची) होता, पण रकान्यावर असं रूपांतर बसवलं की तो साधा इंडेक्स वापरला जात नाही, आणि एका दिवसाच्या बिलांसाठी डेटाबेस पहिल्या दिवसापासूनची सगळी बिलं चाळतो. सुरुवातीला बिलं थोडी होती, तेव्हा कोणाला जाणवलं नाही. वर्षं गेली, टेबल वाढलं, आणि रजिस्ट्रेशन काउंटर अडायला लागलं. त्यातून तो एसक्यूएल सर्व्हर होता आणि त्याच्या मूळ सेटिंगमध्ये वाचणारा माणूस लिहिणाऱ्याला अडवू शकतो. काउंटरवरची सिस्टर नवीन पेशंट सेव्ह करायची आणि पडदा गोठून जायचा. उपाय म्हणून तारखेची अट 'या वेळेपासून त्या वेळेपर्यंत' अशी सरळ लिहिली आणि रिपोर्ट डेटाबेसच्या वेगळ्या, फक्त वाचायच्या प्रतीवर नेला. नवा सर्व्हर लागला नाही.

तुमच्याकडे नेमकं हेच असेल असं नाही. पण असे रिपोर्ट तुमच्याकडेही असतील, ते कोणी, कोणासाठी बनवले याची नोंद नसेल, आणि त्यांना किती वेळ लागतो हे कोणी मोजत नसेल, एवढं मी बऱ्यापैकी खात्रीने म्हणू शकतो.

आता बदल कोणी करायचे याकडे येतो. मी ते तीन प्रकारांत बघतो. पहिला प्रकार, व्हेंडरने दिलेल्या सेटिंगमधून होणारे: मास्टरमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या मूळ यादीत) नवीन टेस्ट, दरपत्रक, डिस्चार्ज कार्डाचा छापील नमुना, फॉर्मवरचे रकाने, कोणाला काय दिसावं याचे हक्क. हे तुमच्या तिघांना आलंच पाहिजे. यासाठी व्हेंडरला पैसे देत असाल तर ते थांबवा आणि त्याच पैशात त्याच्याकडून ट्रेनिंग घ्या.

दुसरा प्रकार, मूळ सॉफ्टवेअरला हात न लावता बाहेरून जोडलेलं: वेगळे रिपोर्ट, एसएमएस, टीपीएसाठी (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीसाठी) काढायची फाइल, लॅबचा इंटरफेस (दोन सॉफ्टवेअरमधला जोड). हे तुम्ही किंवा बाहेरचा जाणकार माणूस करू शकतो. फक्त ते व्हेंडरने अधिकृत दिलेल्या एपीआयवर (बाहेरच्या सॉफ्टवेअरला जोडून घ्यायच्या दारावर) किंवा वाचायच्या प्रतीवर उभं असावं. लाइव्ह टेबलांवर स्वतः ट्रिगर (टेबलात नोंद पडली की आपोआप चालणारा कोड) बसवू नका. तो आज चालतो, आणि पुढच्या व्हर्जनला व्हेंडरने टेबल बदललं की रात्री दोन वाजता बिल सेव्ह होणं बंद पडतं. व्हेंडरच्या माणसाला तुमचा ट्रिगर माहीतच नसतो, म्हणून तो भलतीकडेच शोधत बसतो.

तिसरा प्रकार म्हणजे मूळ कोडमध्येच फक्त तुमच्यासाठी बदल. याला शक्य तितकं नाही म्हणा. असा प्रत्येक बदल पुढच्या प्रत्येक व्हर्जनमध्ये पुन्हा घालावा लागतो, पुन्हा तपासावा लागतो, आणि हळूहळू तुम्ही अशा व्हर्जनवर अडकता जे जगात फक्त तुमच्याकडे आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर जाहीर झालं. १४ अंकी आभा क्रमांक (माणसाचा आरोग्य ओळख क्रमांक), संमती, नोंदी पाठवणं हे सगळं व्हेंडर मूळ उत्पादनात देणार आणि तुम्हाला ते घ्यायचं असणार. मूळ कोडापासून जितके लांब गेला असाल तितकं ते घेणं अवघड होतं.

एक चौथा प्रकारही असतो, तो कोणी मोजत नाही: लोकांनी आपापसात काढलेले मार्ग. एका हॉस्पिटलात सवलतीच्या कार्डाचा नंबर टाकायला रकाना नव्हता, म्हणून काउंटरवरचे सगळे तो पासपोर्ट नंबरच्या रकान्यात टाकत. बिलिंगचा सवलतीचा रिपोर्टही तिथूनच निघायचा. नवीन व्हर्जनने पासपोर्ट नंबरची तपासणी सुरू केली आणि सवलतीच्या पेशंटचं रजिस्ट्रेशन होईना. म्हणून विभागात जाऊन अर्धा दिवस नुसतं बसा आणि माणसं खरं काय करतात ते बघा. चिकटवलेल्या चिठ्ठ्या आणि काउंटरखालची वही यांतून जे कळतं ते चेंज रिक्वेस्टच्या फॉर्ममधून कळत नाही.

डॉक्टरांनी मागितलेला बदल म्हणजे नुसती सोय, असं कृपया समजू नका. पिट्सबर्गच्या मुलांच्या हॉस्पिटलचा २००५ मधला अभ्यास या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असावा. संगणकावरून ऑर्डर देण्याची पद्धत सुरू झाल्यावर, बाहेरून हलवून आणलेल्या गंभीर मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचं तिथल्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं. त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक असं होतं: पूर्वी मूल ॲम्ब्युलन्समध्ये असतानाच औषधांची तयारी सुरू व्हायची, नव्या पद्धतीत मूल पोचून त्याची नोंद होईपर्यंत ऑर्डर टाकता येत नव्हती. पुढच्याच वर्षी सिॲटलच्या मुलांच्या हॉस्पिटलने आपला अनुभव मांडला. सॉफ्टवेअर तेच होतं, पण तिथे मृत्यू वाढले नाहीत, कारण त्यांनी आयसीयूच्या तयार ऑर्डरचे संच आणि कामाचा क्रम आधीच बसवून घेतला होता. दोन हॉस्पिटलं आहेत, पेशंट आणि काळ वेगळे आहेत, त्यामुळे सगळा फरक त्याचाच असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण पेशंट दारात येण्याआधी ऑर्डर टाकता येते का, हा प्रश्न तुमच्या कॅज्युअल्टीत जाऊन विचारा. त्याचं उत्तर 'नाही' असेल, तर केसपेपरच्या रंगाच्या शंभर मागण्या मागे ठेवून तो बदल आधी करा.

आता नजर कशी ठेवायची ते. बहुतेक ठिकाणी मॉनिटरिंग म्हणजे सर्व्हर चालू आहे का, सीपीयू किती, डिस्क किती भरली. ते हवंच, आणि झॅबिक्ससारख्या फुकट मिळणाऱ्या टूलने ते आठवड्याभरात उभं राहतं. पण सर्व्हर ठणठणीत असताना वॉर्डात काम ठप्प असू शकतं, आणि हॉस्पिटलात जास्त त्रास त्याचाच होतो.

लॅबचं उदाहरण घ्या. लॅब सॉफ्टवेअर तपासणीचा निकाल एचएल-सेव्हन (हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरांनी आपसात माहिती पाठवायची ठरलेली पद्धत) मेसेजने एचआयएसला पाठवतं. मेसेज मिळाला की एचआयएस उलट पोच पाठवते, आणि 'एए' अशी पोच आली की पाठवणारा समजतो, काम झालं. एका हॉस्पिटलात लॅबने क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) कोड आपल्या मास्टरमध्ये बदलला. किटची कंपनी बदलली होती, त्यांना ते सहज वाटलं. एचआयएसला नवा कोड ओळखता येईना. पण तिची रचना अशी की मेसेज हातात पडला की आधी 'एए' द्यायचा आणि जुळवाजुळव नंतर करायची. निकाल 'न जुळलेले' नावाच्या टेबलात साठत गेले. लॅबच्या पडद्यावर 'पाठवला', सर्व्हरच्या पडद्यावर सगळं हिरवं, आणि वॉर्डात सिस्टर फोन करून विचारतायत की डायलिसिसच्या पेशंटचा रिपोर्ट कुठे आहे. लॅबवाले प्रामाणिकपणे सांगतायत की केव्हाच पाठवला. भांडण माणसांमध्ये सुरू झालं होतं, बिघाड मधल्या टेबलात बसला होता.

हे दोन साध्या आकड्यांनी पकडता आलं असतं. एक, न जुळलेल्या टेबलात किती ओळी आहेत. तो आकडा शून्याच्या वर गेला की सूचना. दोन, लॅबने निकाल पक्का केल्यापासून तो वॉर्डच्या पडद्यावर दिसेपर्यंत किती मिनिटं गेली. या दुसऱ्या आकड्याची सरासरी काढू नका. शंभरातले पंच्याण्णव निकाल किती मिनिटांच्या आत पोचले, ते बघा. सरासरीत अडकलेले पाच निकाल लपतात, आणि हॉस्पिटलात त्या पाचांचीच काळजी असते.

तुमच्या आकाराच्या हॉस्पिटलला मी असे मोजकेच आकडे सुचवेन. रजिस्ट्रेशनचं बटण दाबल्यापासून केसपेपर नंबर मिळेपर्यंतचे सेकंद. वर सांगितलेले लॅबचे दोन. औषधाची ऑर्डर वॉर्डातून सुटल्यापासून फार्मसीच्या यादीत येईपर्यंतचा वेळ. डिस्चार्जचा शेरा पडल्यापासून अंतिम बिल होईपर्यंतचा वेळ. आणि प्रत्येक इंटरफेसवरून शेवटचा मेसेज कधी आला. हा शेवटचा आकडा फार उपयोगी आहे, कारण बंद पडलेला इंटरफेस चूक दाखवतच नाही, तो नुसता गप्प बसतो. मंगळवारी सकाळी अकरा वाजता बायोकेमिस्ट्रीकडून वीस मिनिटं एकही निकाल नाही, म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय. तीच शांतता रात्री तीन वाजता नेहमीची असते. म्हणून मर्यादा वेळेप्रमाणे वेगळ्या लावा.

हे मोजायचं तर सगळीकडची घड्याळं जुळलेली हवीत. ॲनालायझरचं (लॅबच्या तपासणी मशीनचं) घड्याळ दहा मिनिटं मागे असेल तर सॅम्पल घेण्याआधीच रिपोर्ट तयार झाल्याचं दिसतं आणि तुमचा सगळा हिशेब कोलमडतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत वेळ राष्ट्रीय सर्व्हरशी जुळवून ठेवायला सांगितलंय, लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायला सांगितलंय. तुमच्या संचालकांना बजेटसाठी कारण हवं असेल तर हे निर्देश पुढे ठेवा.

सूचना किती पाठवायच्या याबाबत कडक राहा. औषधांबद्दलच्या इशाऱ्यांवर २००६ मध्ये झालेल्या एका आढाव्यात, डॉक्टर ४९ ते ९६ टक्के इशारे बाजूला सारतात असं आढळलं होतं. दिवसभर पडदा ओरडत राहिला की माणूस वाचणं सोडतो. तुमच्या आयटीच्या मोबाइलवर येणाऱ्या सूचनांचंही तेच होईल. माझी पद्धत अशी: ज्या सूचनेवर कोणी लगेच उठून काहीतरी करणार आहे तीच मोबाइलवर, बाकी सगळं सकाळच्या यादीत. प्रत्येक सूचनेपुढे कोणाला फोन करायचा आणि पहिलं पाऊल काय, हे लिहिलेलं. आणि पेशंटचं नाव किंवा निकाल त्या सूचनेत कधीही नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'अमुक पेशंटचा एचआयव्ही रिपोर्ट अडकलाय' असा मेसेज जाणं हा त्या माणसावर अन्याय आहे. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर अशा गोष्टींची जबाबदारी हॉस्पिटलवर येणार, हे धरून चाला. मेसेजचा अंतर्गत क्रमांक पुरेसा असतो.

औषधांच्या पॉप-अपवरही हेच लावा. कोणता इशारा किती वेळा दिसला आणि किती वेळा डावलला, हे दर महिन्याला काढा. जवळजवळ नेहमीच डावलला जाणारा इशारा फार्माकॉलॉजिस्ट किंवा वरिष्ठ फिजिशियनपुढे ठेवा आणि तो ठेवायचा, बदलायचा की काढायचा हे त्यांना ठरवू द्या. आयटीने स्वतःच्या अखत्यारीत तो बंद करू नये.

बदलांसाठी एक छोटी बैठक हवी. मेडिकल सुपरिंटेंडेंट, मेट्रन, लॅब आणि बिलिंगचे प्रमुख, आणि तुम्ही. पंधरा दिवसांतून एकदा पुरते. प्रत्येक मागणीसाठी एक पान: काय हवं, कोणाला हवं, सध्या काय करतात, बिघडलं तर कोणता आकडा हलेल, परत मागे कसं यायचं, आणि सहा महिन्यांनी याची गरज तपासणारा माणूस कोण. मेट्रन बैठकीत हव्यातच. फॉर्ममध्ये वाढवलेला प्रत्येक सक्तीचा रकाना शेवटी रात्रपाळीच्या सिस्टरला भरावा लागतो, आणि तिला वेळ नसेल तर ती त्यात एक टिंब टाकून पुढे जाते. असे टिंबांनी भरलेले रकाने डेटाबेसमध्ये मोजून बघा. ज्या रकान्यात निम्म्याहून जास्त टिंबं आहेत तो काढून टाकायला बैठकीत कोणाची हरकत नसते.

बदल लाइव्हवर टाकायचा दिवसही विचारून निवडा. सोमवार नाही, कारण ओपीडीची गर्दी. महिनाअखेर नाही, कारण बिलिंग. शनिवारी संध्याकाळी नाही, कारण रविवारी व्हेंडरचा माणूस फोन उचलत नाही. आम्ही मंगळवार-बुधवारी दुपारी, ओपीडी ओसरल्यावर टाकतो. टेस्ट सर्व्हरवर आधी खऱ्यासारख्या डेटावर चालवून बघायचं, पण त्यातली नावं आणि फोन नंबर बदलून.

आणि सिस्टीम पूर्ण बंद पडली तर काय, याची तयारी टूलवर सोडू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत मोठ्या हॉस्पिटलांपैकी एकाला रजिस्ट्रेशनपासून लॅब रिपोर्टपर्यंतचं काम बरेच दिवस हाताने करावं लागलं. तुमच्या प्रत्येक वॉर्डात छापील केसपेपर, ऑर्डरशीट आणि लॅबच्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा असावा. दाखल पेशंटची यादी, चालू औषधं आणि ॲलर्जीसह, दर काही तासांनी वॉर्डच्या एका ठरलेल्या पीसीवर आपोआप उतरत राहावी. बॅकअप झाला असा मेल येतो त्यावर विसंबू नका. तो वेगळ्या मशीनवर परत उभा करून त्यात कालचा शेवटचा पेशंट दिसतो का ते बघा. आणि त्याची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली ठेवा.

व्हेंडरशी पुढचा एएमसी (वार्षिक देखभाल) करार कराल तेव्हा दराची घासाघीस करण्याआधी या गोष्टी मागा: डेटाबेस वाचण्याचा हक्क, टेबलांची माहिती देणारा दस्तऐवज, टेस्ट सर्व्हर, प्रत्येक व्हर्जनमध्ये काय बदललं याची यादी आणि करार संपल्यावर सगळा डेटा वापरता येईल अशा स्वरूपात परत. सोर्स कोड मागायची घाई करू नका, तीन माणसांत तो सांभाळता येणार नाही.

थोडक्यात क्रम असा ठेवा: या आठवड्यात सकाळच्या दोन तासांतल्या जड क्वेरींची यादी, मग आजवरच्या सगळ्या कस्टम रिपोर्ट आणि ट्रिगरची नोंद, मग झॅबिक्सवर ते मोजके आकडे. पैसे देऊन टूल घ्यायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा. तुमचा डेटाबेस कोणता आहे, आणि लॅब व एचआयएसच्या मध्ये इंटरफेस इंजिन (मेसेज इकडून तिकडे पोचवणारं मधलं सॉफ्टवेअर) आहे का, हे लिहिलंत तर न जुळलेले निकाल मोजायची क्वेरी नेमकी कुठे लावायची ते सांगतो. पहिल्या यादीतल्या वरच्या पाच क्वेरी, पेशंटची माहिती काढून, इथेच टाका.